हाडांचा कर्करोग, मेदाची विकरे आणि ‘उपासमारी’चा सिद्धान्त

कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, तेव्हा साखर तोडली की कर्करोगाचे पोषण तुटते, हे विधान आरोग्यविषयक व्याख्यानांतून, आहाराच्या पुस्तिकांतून आणि रुग्णालयांच्या आवारात बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून मराठी समाजात चांगलेच रुजले आहे. त्याच्या जोडीला आता दुसरे विधान येऊन बसले आहे. हाडांच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये मेद तयार करणारी विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी आणि एन्झाइम या नावाने अधिक परिचित असलेली प्रथिने, प्रमाणाबाहेर आढळतात, ती बंद पाडली की प्रयोगशाळेत या पेशींची वाढ खुंटते, आणि म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, वजन घटवण्याचे औषध किंवा विशिष्ट आहार यांच्या साहाय्याने हा रोग रोखता येईल, असे ते विधान आहे. पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. दुसऱ्यातील निरीक्षणे खरी आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. आणि खऱ्या निरीक्षणांवर उभा केलेला चुकीचा निष्कर्ष निव्वळ अफवेपेक्षा खोडून काढायला अवघड असल्यामुळे त्याचा परामर्श तपशिलात शिरूनच घ्यावा लागतो.

हाडांचा कर्करोग या नावाखाली व्यवहारात दोन वेगळे रोग मोडतात. स्तन, प्रोस्टेट किंवा फुफ्फुस अशा अवयवात सुरू होऊन पुढे हाडात पसरलेला कर्करोग हा पहिला, आणि हाडातच जन्म घेणारा दुसरा. येथे विचार दुसऱ्याचा, आणि त्यातही सर्वांत अधिक आढळणाऱ्या ऑस्टिओसार्कोमाचा आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे तीन-चार इतक्या विरळ प्रमाणात होणारा हा रोग मुख्यतः दहा ते वीस या वयोगटातील वाढत्या मुलामुलींना गाठतो. गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, म्हणजे मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचे वरचे टोक येथे त्याच्या सुमारे निम्म्या गाठी उद्भवतात, आणि तो पसरतो तेव्हा बहुधा फुफ्फुसात पसरतो. या कर्करोगाच्या पेशी हाड रचणाऱ्या पेशींच्या कुळातल्या असतात, आणि ज्या मूळ पेशीपासून हाड रचणारी पेशी घडते तिच्यापासूनच मेद साठवणारी पेशीही घडते. शिवाय हाडाच्या पोकळीत अस्थिमज्जा असते आणि प्रौढ माणसाच्या हातापायांच्या हाडांत ही मज्जा मुख्यतः पिवळी, म्हणजे मेदाने भरलेली असते. मेद आणि हाड यांचे हे सख्य पाहून मेदाच्या चयापचयाकडे संशोधकांचे लक्ष वळले यात काही वावगे नाही. मात्र गाठ मज्जेतल्या चरबीवर पोसली जाते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यायला हवे होते की किशोरवयात लांब हाडांच्या गुडघ्याकडील भागात रक्त घडवणारी तांबडी मज्जा बऱ्यापैकी शिल्लक असते, आणि प्रौढांच्या मज्जेवरून काढलेले अनुमान पंधरा वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाही.

आता विकरांचा मार्ग पाहू जाता, पेशीत आलेल्या ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने विघटन होऊन पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियांमध्ये, सायट्रेट हा पदार्थ तयार होतो. हे सायट्रेट तंतुकणिकेबाहेर आले की एटीपी-सायट्रेट लायेझ नावाचे विकर त्याचे विभाजन करून दोन कार्बनचा ॲसिटाइल-कोए हा घटक मोकळा करते. ॲसिटाइल-कोए कार्बोक्सिलेझ हे दुसरे विकर त्यातील काही भागाचे मॅलोनिल-कोए या संयुगात रूपांतर करते. आणि मग फॅटी ॲसिड सिंथेझ, ज्याला मेदाम्ल-संश्लेषक म्हणता येईल, एक ॲसिटाइल आणि सात मॅलोनिल घटक एकापुढे एक जोडून सोळा कार्बनचे पामिटिक आम्ल घडवते. या एका रेणूसाठी एनएडीपीएच या क्षपणकारी रेणूचे चौदा नग खर्ची पडतात. ही संख्या पुढे उपयोगी पडणार आहे. पामिटिक आणि त्यापासून लांबवलेले स्टिअरिक ही संपृक्त मेदाम्ले. त्यांच्या साखळीत एक दुहेरी बंध घालून ती असंपृक्त करण्याचे काम स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेझ करते. याच्या उलट दिशेने, तयार मेदाम्ल जाळण्यासाठी तंतुकणिकेत पोचवायचे असेल तर कार्निटीन पामिटॉइलट्रान्स्फरेझ-१ या विकराच्या द्वारातून जावे लागते. कोलेस्टेरॉल आणि त्याच्या भाऊबंदांसाठी वेगळा मार्ग आहे. त्याचे नियंत्रण एचएमजी-कोए रिडक्टेझ करते आणि स्टॅटिन गटातील गोळ्या नेमक्या याच विकराला अडवतात. नावे जिभेला जड आहेत, परंतु ‘चरबीचे एन्झाइम’ अशा मोघम शब्दाखाली ही सगळी एकत्र कोंबण्यातूनच पुढचा गोंधळ सुरू होत असल्यामुळे ती वेगवेगळी ओळखणे भाग आहे.

या मार्गाच्या नुसत्या वर्णनानेच साखरेविषयीच्या विधानाची अर्धी पकड सुटते, कारण साखर आणि मेद हे पेशीच्या दृष्टीने दोन स्वतंत्र अन्नसाठे नसून एकातून दुसरा घडू शकतो. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात असे दाखवले की कर्करोगाच्या पेशी पुरेसा ऑक्सिजन मिळत असतानाही ग्लुकोजचे किण्वन करून लॅक्टिक आम्ल बनवतात. हे निरीक्षण आजही ग्राह्य आहे. मात्र तंतुकणिका बिघडल्यामुळे असे होते आणि हा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ होय, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढील संशोधनात टिकले नाही, कारण बहुतेक कर्करोगपेशींच्या तंतुकणिका काम करत असतात, आणि तसे नसते तर मेदासाठी लागणारे सायट्रेट तरी कोठून आले असते? वॉरबुर्ग यांना १९३१ साली मिळालेले नोबेल पारितोषिक कर्करोगाच्या या सिद्धान्ताला मिळाले, असे साखरविरोधी पुस्तिकांत वारंवार वाचायला मिळते. ते पारितोषिक श्वसनक्रियेतील विकराच्या शोधासाठी होते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज गाठीत जमा झालेले दिसते, हा दुसरा पुरावा दिला जातो, पण त्याच चित्रात मेंदूही तितकाच उजळलेला असतो. साखरेचा कण न खाणाऱ्या माणसाचे यकृतसुद्धा प्रथिनांपासून आणि ग्लिसरॉलपासून ग्लुकोज बनवून रक्तातील पातळी राखून ठेवते, त्यामुळे चहातली साखर बंद केल्याने गाठीपर्यंत जाणारा ग्लुकोजचा पुरवठा तुटत नाही. या मुद्द्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

मेदाच्या विकरांचा पक्ष मात्र यापेक्षा बळकट आहे आणि तो त्याच्या उत्तम स्वरूपातच मांडला पाहिजे. कर्करोगाच्या ऊती स्वतः मेदाम्ले तयार करतात हे १९५३ सालीच सिडनी वाइनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. १९९४ साली स्तनाच्या कर्करोगात वाईट भवितव्याची खूण म्हणून ओळखले जाणारे एक प्रथिन प्रत्यक्षात मेदाम्ल-संश्लेषकच आहे असे सिद्ध झाले आणि या विषयाला मोठी चालना मिळाली. त्यानंतर ऑस्टिओसार्कोमाच्या गाठींच्या नमुन्यांतही हे विकर वाढलेले असल्याचे, आणि प्रयोगशाळेत त्याचे जनुक दडपले असता पेशींचे विभाजन व आजूबाजूच्या ऊतींत घुसण्याची क्षमता मंदावत असल्याचे अहवाल आले. यामागची कारणमीमांसाही पटण्याजोगी आहे. विभागणाऱ्या पेशीला प्रत्येक वेळी नवे पेशीपटल लागते आणि ते मुख्यतः मेदाम्लांपासून बनते. वाढीचे संदेश पोचवणारी काही प्रथिने पटलाला चिकटून राहण्यासाठी मेदाची शेपटी धारण करतात. आणि वाढीला उत्तेजन देणारे संदेशमार्ग मेद घडवणाऱ्या विकरांच्या जनुकांनाही जागे करतात. ही विकरे कर्करोगाच्या वाढीत सहभागी आहेत, हे कोणीही नाकारण्याचे कारण नाही. वाद आहे तो ‘सहभागी’पासून ‘निर्णायक’पर्यंत आणि तेथून थेट ‘उपचार’पर्यंत मारलेल्या उडीविषयी.

ही उडी जेथून मारली जाते ती जागा, म्हणजे प्रयोगशाळेतील पेशींची थाळी, नीट तपासली पाहिजे. ऑस्टिओसार्कोमावरील प्रयोगांचा मोठा हिस्सा मोजक्या पेशीवंशांवर होतो. त्यांपैकी यू-२ ओएस हा वंश १९६४ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नडगीतील गाठीपासून आणि साओस-२ हा वंश १९७३ साली एका अकरा वर्षांच्या मुलीच्या गाठीपासून तयार करण्यात आला. अर्धशतकाहून अधिक काळ प्लॅस्टिकवर वाढत आलेल्या या पेशींनी जीवशास्त्राला पुष्कळ दिले आहे, हे खरे. पण चयापचयाचा प्रश्न विचारताना त्या कशात वाढतात याला सर्वाधिक महत्त्व येते. पेशीसंवर्धनाच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोषकद्रवात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असते. रक्ताच्या तपासणीच्या परिचित भाषेत सांगायचे तर ही पातळी ४५० होते, जी उपाशीपोटीच्या निरोगी पातळीच्या चौपटीहून जास्त आहे. मेदाचे नेमके उलटे. पोषकद्रवात वासराच्या गर्भाच्या रक्तातील सीरम साधारण दहा टक्के मिसळतात, आणि मेदाम्लांचा जवळजवळ सगळा पुरवठा तेवढ्यातूनच होत असल्यामुळे तो माणसाच्या रक्ताच्या तुलनेत अगदी तुटपुंजा असतो. थोडक्यात, थाळीतल्या पेशीपुढे साखरेचा महापूर आणि मेदाचा दुष्काळ असतो. अशा परिस्थितीत पेशी साखरेपासून मेद बनवणार आणि ते बनवणारे विकर अडवले की तिची कोंडी होणार, यात आश्चर्य ते कोणते? प्रयोगाची मांडणीच विकराला अपरिहार्य ठरवते आणि मग ती अपरिहार्यता रोगाचा गुणधर्म म्हणून वाचली जाते.

शरीरातल्या गाठीची परिस्थिती निराळी आहे. तिच्याभोवती रक्त वाहते, त्या रक्तात आहारातून आणि मेदसाठ्यांतून आलेली तयार मेदाम्ले असतात, आणि ती आत ओढून घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-३६ सारखी ग्राहक प्रथिने असतात. घरची चूल विझली तरी शेजारची खाणावळ उघडी असेल तर माणूस उपाशी राहत नाही. मेदनिर्मितीचे विकर किती आवश्यक ठरते हे गाठ ज्या अवयवात वाढते त्यावर अवलंबून असते, याचा चांगला पुरावा स्तनाच्या कर्करोगावरील प्राण्यांमधील संशोधनातून २०२१ साली मिळाला: मेंदूत पसरलेल्या गाठींना मेदाम्ल-संश्लेषकाची गरज इतर ठिकाणच्या गाठींपेक्षा अधिक होती, कारण मेंदूच्या परिसरात रक्तातून मिळणारा मेद कमी पडतो. हाच न्याय लावला तर किशोरवयात प्रौढांइतका नसला तरी मेदाचा काही साठा हाताशी असलेल्या हाडात, किंवा ज्याच्या वायुकोशांच्या अस्तरावर पामिटिक आम्लाने समृद्ध स्निग्ध थर असतो त्या फुफ्फुसात, हे विकर अडवल्याने फारसे काही साधेल अशी अपेक्षा धरण्यास जागा उरत नाही. हे अनुमान आहे आणि प्रयोगाने ते खोटे ठरू शकते. परंतु ते खोटे ठरवण्याची जबाबदारी प्रतिपक्षावर आहे.

मेदाच्या विकरांना एकाच दिशेने ओढणारी जमात समजणे ही याहूनही मोठी चूक आहे. २०१२ साली फेरोप्टोसिस या नावाने वर्णन केलेल्या पेशीमृत्यूच्या प्रकारात, लोहाच्या साहाय्याने पेशीपटलातील बहुअसंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन पेशी फुटते. ही मेदाम्ले पटलात बसवण्याचे काम एसीएसएल-४ नावाचे मेदाचेच विकर करते. म्हणजे हे विकर जितके अधिक कार्यरत, तितकी कर्करोगपेशी या मृत्यूला अधिक वश. उलट डिसॅच्युरेझने बनवलेले एकअसंपृक्त ओलेइक आम्ल तिला वाचवते. दुसरे उदाहरण ॲसिटाइल-कोए कार्बोक्सिलेझचे. काही प्रयोगांत हे विकर अडवल्यावर गाठीची वाढ मंदावली, परंतु २०१२ सालच्याच एका महत्त्वाच्या संशोधनात असे दिसले की ग्लुकोजची चणचण भासू लागली की कर्करोगपेशी स्वतःच हे विकर बंद करते आणि त्यामुळे तगते. कारण उघड आहे: पामिटिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे जे चौदा एनएडीपीएच खर्ची पडणार होते ते वाचतात आणि ऑक्सिडीकरणाच्या आघातापासून बचावासाठी कामी येतात. साखर तोडा आणि मेदाचे विकरही अडवा, असा दुहेरी सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक असते तर आपण सुचवलेल्या दुसऱ्या उपायाने पहिल्यातून कर्करोगपेशीला सुटकेची वाट मिळू शकते, ही शंका तरी त्यांच्या मनात आली असती.

औषधांची कथा याहून बोलकी आहे. ऑर्लिस्टॅट हे वजन घटवण्याचे औषध अमेरिकेत १९९९ साली मान्य झाले आणि ते मेदाम्ल-संश्लेषकालाही अडवते असे २००४ साली आढळले. तेव्हापासून ‘बाजारात आधीच असलेली, स्वस्त कर्करोगविरोधी गोळी’ म्हणून त्याचा उल्लेख होत आला आहे. हे औषध आतड्यात राहून तेथील मेदपाचक विकराला अडवण्यासाठीच रचलेले असून तोंडाने घेतल्यास रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, ही त्याच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडणारी गोष्ट आहे. मग ते मांडीच्या हाडातील गाठीपर्यंत पोचणार कसे? सी-७५ नावाचे दुसरे संयुग रक्तात पोचते, पण २००० साली उंदरांवरील प्रयोगांत त्याने भूक मारून वजन झपाट्याने उतरवले, जो परिणाम केमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत कोणालाही नको असेल. मेदाम्लांचे ज्वलन थांबवणाऱ्या इटोमॉक्सिरची हृदयविकारावरील चाचणी यकृतावरील दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली, आणि २०१८ सालच्या संशोधनाने असे दाखवले की कर्करोगाच्या प्रयोगांत वापरलेल्या मोठ्या मात्रांचा परिणाम बऱ्याच अंशी अपेक्षित विकरावर नव्हे, तर तंतुकणिकेच्या श्वसनसाखळीवर होत होता. ज्या शोधनिबंधांनी या औषधाच्या आधारे मेदज्वलनाचे महत्त्व प्रतिपादले त्यांपैकी कितींचे निष्कर्ष आता फेरतपासावे लागतील, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे घ्यायला हवा. स्टॅटिनविषयी सांगायचे तर, थाळीतील पेशी मारण्यासाठी लागणारी त्यांची तीव्रता नेहमीच्या मात्रेने रक्तात मिळणाऱ्या तीव्रतेच्या कितीतरी पट असते. फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात केमोथेरपीला प्रॅवास्टॅटिनची जोड देऊन ब्रिटनमध्ये ८४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. स्टॅटिनमुळे आयुष्य वाढले नाही.

तो कर्करोग वेगळा होता, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. म्हणूनच हाडाच्या कर्करोगातील एका चाचणीकडे वळले पाहिजे, जिची दखल मेदपक्षाच्या लेखनात क्वचितच घेतली जाते. झोलेड्रोनिक आम्ल हे अस्थिभंगुरतेवर दिले जाणारे औषध, आणि ते ज्या विकराला अडवते ते फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेझ हे कोलेस्टेरॉलच्याच मार्गावर, स्टॅटिनच्या लक्ष्यापासून काही पायऱ्या पुढे बसलेले मेदाच्या चयापचयाचे विकर आहे. ते अडवले की पेशीतील संदेशवाहक प्रथिनांना लागणाऱ्या मेदाच्या शेपट्या मिळेनाशा होतात. थाळीत हे औषध ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी मारत होते, प्राण्यांमध्ये ते गाठीची वाढ आणि फुफ्फुसातील प्रसार कमी करत होते, हाडाकडे त्याची नैसर्गिक ओढ असल्याने ते योग्य ठिकाणी पोचणार याची खात्री होती, आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालून ते गाठीचा परिसरही प्रतिकूल करील असा दुहेरी तर्क त्यामागे होता. ऑर्लिस्टॅटच्या किंवा स्टॅटिनच्या बाजूने आज जेवढे म्हणता येते त्यापेक्षा कितीतरी अधिक या औषधाच्या बाजूने म्हणता येत होते. फ्रान्समध्ये ओएस-२००६ या चाचणीत ३१८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गटांत विभागून एका गटाला केमोथेरपी आणि शस्त्रक्रियेसोबत हे औषध देण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनंतर रोग पुन्हा न उद्भवलेल्यांचे प्रमाण औषध न घेतलेल्या गटात ६३.४ टक्के आणि औषध घेतलेल्या गटात ५७.१ टक्के होते. फायद्याची शक्यता उरली नसल्यामुळे चाचणी आधीच थांबवण्यात आली. हा फरक औषधाने अपाय केला असे सिद्ध करण्याइतका मोठा नाही, पण त्याने उपकार केला असे म्हणण्याची सोय त्याने संपवली. या एका निकालाने मेदाच्या सर्व विकरांचा निकाल लागत नाही, हे मान्य. तथापि तर्कशुद्ध कारणमीमांसा, थाळीतील यश आणि प्राण्यांतील यश हे तिन्ही जमेला असूनही रुग्णाच्या बाबतीत हाती शून्य येऊ शकते, हे याच रोगात, याच चयापचयाच्या एका विकराबाबत सिद्ध झाले आहे, आणि ज्यांची जमेची बाजू त्याहून तोकडी आहे त्यांनी तरी याची जाण ठेवून बोलावे.

आहाराकडे वळताना मौज अशी दिसते की साखरविरोधी पक्ष आणि मेदविरोधी पक्ष यांचे सल्ले परस्परांना छेद देतात, आणि तरीही कित्येकदा एकच पुस्तिका दोन्ही देते. पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करून तूप, लोणी, खोबरेल यांवर भर देणारा कीटोजेनिक आहार कर्करोगाला उपाशी मारतो, असे पहिल्याचे म्हणणे, तर दुसरा मेदच तोडायला सांगतो. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी २०२१ साली स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांत हा आहार आणि एकूण उष्मांक घटवलेला आहार यांची तुलना केली. रक्तातील ग्लुकोज दोन्ही आहारांनी उतरले, पण गाठीची वाढ फक्त उष्मांक घटवल्याने मंदावली, आणि त्याचे कारण ग्लुकोजमध्ये नव्हते: उष्मांक घटवलेल्या आहाराने डिसॅच्युरेझचे काम रोडावले आणि रक्तातील मेदही कमी पडला, तर कीटोजेनिक आहारात बाहेरून येणाऱ्या मेदाने गाठीची ती गरज भागवली. त्याआधी बार्सिलोनातील संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगात असे दाखवले होते की पामिटिक आम्लाने उंदरांतील कर्करोगाचा प्रसार वाढतो. या प्रयोगांवरून ऑस्टिओसार्कोमाच्या मुलाला उपाशी ठेवा किंवा त्याचे तूप तोडा, असा उलटा सल्ला काढणेही तितकेच अनाठायी ठरेल. ते प्रयोग दुसऱ्या कर्करोगांवरचे आणि उंदरांवरचे आहेत. त्यांच्यामुळे एवढेच सिद्ध होते की ग्लुकोज उतरले म्हणजे गाठ उपाशी पडली, हे समीकरण खोटे आहे.

यावर शेवटचा बचाव नेहमी असा असतो की गोळी स्वस्त आहे, आहार घरचाच आहे, मग करून पाहण्यात तोटा काय? तोटा मोजता येण्याजोगा आहे, आणि तो समजण्यासाठी या रोगाच्या उपचाराचा इतिहास ठाऊक असावा लागतो. १९७०च्या दशकापूर्वी पाय कापूनही पाचांपैकी चार मुले दगावत, कारण निदानाच्या वेळीच न दिसणाऱ्या सूक्ष्म गाठी फुफ्फुसात गेलेल्या असत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेले १७ टक्के होते, तर शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६६ टक्के होते. या रोगात एवढी मोठी झेप त्यानंतर पुन्हा झालेली नाही. १७ देशांतील २,२६० रुग्णांना सामावून घेणाऱ्या युरॅमॉस-१ चाचणीत केमोथेरपीला कमी प्रतिसाद देणाऱ्यांसाठी आणखी दोन औषधे जोडून पाहिली गेली. दुष्परिणाम वाढले, लाभ झाला नाही. चाळीस वर्षांची ही कोंडी खरी आहे आणि नव्या लक्ष्यांचा शोध घेण्यास ती पुरेसे कारण आहे, हे मेदविकरांवर काम करणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु जी झेप साधली ती टिकवायची तर केमोथेरपीची आवर्तने ठरलेल्या वेळी आणि पूर्ण मात्रेत पार पडावी लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने रक्तातील पातळी सतत मोजावी लागणाऱ्या मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटला फाटा देऊन सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड यांवर आधारलेली ओजीएस-१२ ही पद्धत घडवली, त्यामागे भारतीय परिस्थितीत उपचार पूर्ण व्हावा हाच व्यावहारिक विचार होता. मळमळ, तोंडातील व्रण आणि भूक न लागणे यांनी आधीच खंगलेल्या मुलाच्या ताटातून भात, पोळी, फळे आणि गूळ काढून घेतले की वजन उतरते, वजन उतरले की औषधांचे दुष्परिणाम सोसवत नाहीत, आणि मग आवर्तन पुढे ढकलावे लागते किंवा मात्रा कमी करावी लागते. ज्या यकृताने केमोथेरपीची औषधे हाताळायची त्याच्यावर डॉक्टरांच्या नकळत घेतलेल्या गोळ्यांचा भार टाकणे हेही त्याच तोट्याचे दुसरे अंग आहे.

मेदाच्या विकरांवरील संशोधन थांबावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. मेदाम्ल-संश्लेषकाला अडवणारे आणि रक्तात नीट पोचणारे डेनिफॅनस्टॅटसारखे नवे औषध इतर विकारांच्या मानवी चाचण्यांपर्यंत आलेले आहे, आणि फेरोप्टोसिसची दिशा ऑस्टिओसार्कोमात तपासून पाहण्याजोगी आहे. मात्र त्यासाठी पेशी माणसाच्या रक्ताशी मिळत्याजुळत्या पोषकद्रवात वाढवून, गाठ प्राण्याच्या हाडात आणि फुफ्फुसात दोन्हीकडे तपासून, औषधाची गाठीतील प्रत्यक्ष तीव्रता मोजून, आणि पेशी बाहेरून मेद ओढून घेऊन सुटते का हे पाहूनच पुढे जावे लागेल. या कसोट्या न लावता ‘आशादायक लक्ष्य’ हे शब्द शोधनिबंधाच्या शेवटी जोडण्याची प्रथा संशोधकांनीच मोडली पाहिजे, कारण पुस्तिकावाले तेथूनच उचल करतात.

तोपर्यंत ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णासाठी स्टॅटिन, ऑर्लिस्टॅट किंवा कीटोजेनिक आहार सुचवणाऱ्याकडे या रोगाच्या रुग्णांवर झालेल्या यदृच्छ चाचणीचा पुरावा मागावा. तो आज कोणाकडेही नाही. पालकांनी मुलाला पचेल, रुचेल आणि वजन राखील ते खाऊ द्यावे, बाहेरून सुरू केलेली प्रत्येक गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी, आणि वाढत्या वयातील मुलाच्या गुडघ्याजवळची सूज व रात्री वाढणारे दुखणे काही आठवड्यांत हटले नाही तर मालीश करण्याआधी त्या जागेचा एक्स-रे काढावा.